अर्धशिशीच्या गोळ्यांवरून रक्तदाब, फिट्स आणि नैराश्य शोधून काढणाऱ्या विमा कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: अर्धशिशीच्या प्रतिबंधक उपचारांचे बाह्यरुग्ण दावे नामंजूर केल्याबाबत आणि ‘माहिती दडवली’ हा शेरा मागे घेण्याबाबत.

संदर्भ: फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची एकत्र) पॉलिसी, ओपीडी रायडरसह (बाह्यरुग्ण उपचारांसाठीचे जोडसंरक्षण), सदस्य क्र. 2.

महोदय,

सदस्य क्र. 2 हिच्या अर्धशिशीच्या उपचारांचे दावे आपल्या टीपीएने, म्हणजे आपल्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेने, एकामागून एक फेटाळले आहेत. दर वेळी कारण नवे. त्यातले पहिले कारण रकमेपेक्षा गंभीर आहे, म्हणून ते आधी मांडतो. चिठ्ठीवर प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही नावे दिसल्यावर टीपीएने असा निष्कर्ष काढला की सदस्याला उच्च रक्तदाब, नैराश्य आणि अपस्मार (फिट्स) आहे आणि हे तिन्ही आजार प्रस्ताव अर्जात लपवले गेले. पॉलिसी रद्द का करू नये, अशी विचारणाही त्याच पत्रात आहे.

ही तिन्ही औषधे त्या त्या आजारांवर चालतात, हे खरे. पण अर्धशिशीचे झटके कमी करण्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट रोज लिहून देतात तीही हीच. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी वेगळा गट आहे आणि त्यात प्रोप्रॅनोलॉल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही ते याच कामासाठी आहे. दावा तपासणाऱ्याने औषधाच्या नावाबरोबर त्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा वाचला असता तरी घोळ टळला असता. अमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी साधारण 75 ते 150 मिलिग्रॅमपर्यंत न्यावे लागते. इथे रात्री 10 मिलिग्रॅम आहे. टोपिरामेट अपस्मारात बहुधा 200 ते 400 पर्यंत जाते. इथे 50-50 करून दिवसाला 100 वर थांबले आहे, आणि अर्धशिशीचा नेहमीचा डोस तोच. रक्तदाबाचे तर केसपेपरच सांगतो: प्रोप्रॅनोलॉल सुरू होण्याआधीची नोंद 118/76. त्याच ओळीत ‘दमा नाही’ असेही लिहिले आहे, कारण दमेकऱ्याला ही गोळी देत नाहीत. इतक्या काळजीने लिहिलेला कागद आपल्याकडे कुणी उघडलेला दिसत नाही.

शिवाय अर्धशिशी हा आजार प्रस्ताव अर्जात लिहिलेला होता. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये तो पूर्वीपासूनचा आजार म्हणून छापलेला आहे आणि त्याचा प्रतीक्षाकाळ केव्हाच संपला आहे. पॉलिसी एप्रिल 2019 पासून एकदाही खंड न पडता चालू आहे. म्हणजे 60 महिन्यांचा मोरॅटोरियमही उलटला आणि सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती दडवल्याचे कारण आता काढताच येत नाही. अर्थात त्या नियमाचा आडोसा घेण्याची इथे गरज नाही, कारण दडवलेले काही नाहीच.

आता गोळ्यांच्या संख्येविषयी. टोपिरामेटच्या पहिल्या महिन्याच्या बिलातल्या 70 गोळ्यांपैकी 30 मंजूर करून उरलेल्या 40 ‘अतिरिक्त साठा’ म्हणून कापल्या आहेत. हे औषध पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत देत नाहीत. तसे दिले तर बोटांना मुंग्या येतात, भूक मरते, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत, आणि रोगी आठवड्याभरात गोळी सोडून देतो. म्हणून 25 मिलिग्रॅमची गोळी पहिल्या आठवड्यात रात्री एक, दुसऱ्यात सकाळ-रात्र एकेक, तिसऱ्यात सकाळी एक व रात्री दोन, चौथ्यात दोन-दोन. सात, चौदा, एकवीस आणि अठ्ठावीस, मिळून बरोबर 70. चिठ्ठीवर हे आठवड्यागणिक लिहिलेले आहे. ‘महिना म्हणजे 30 गोळ्या’ हा हिशेब रोज एक गोळी लागणाऱ्या औषधाला लागू पडतो, सरसकट नाही.

त्याहून महागात पडतो तो 30 दिवसांचा नियम. आपले ॲप महिन्याहून जुनी चिठ्ठी स्वीकारत नाही. प्रतिबंधक औषधाचा गुण आला की नाही, हे योग्य मात्रेवर आठ ते बारा आठवडे गेल्याशिवाय ठरवता येत नाही, म्हणून डॉक्टर फेरतपासणीला तीन महिन्यांनी बोलावतात. प्रोप्रॅनोलॉल आणि अमिट्रिप्टिलिनचे महिन्याचे बिल 400 रुपयांच्या आत येते; ते मंजूर व्हावे म्हणून दर महिन्याला 1,000 रुपये फी भरून नवी चिठ्ठी आणायची, असा हा व्यवहार आहे. ओपीडीच्या मर्यादेतून ती फीही वजा होते. म्हणजे आपण पैसे वाचवत नाही, मर्यादा भलतीकडे संपवता. मंजुरी लांबून गोळ्यांत खंड पडला तर वेगळीच अडचण: प्रोप्रॅनोलॉल एकदम बंद करायचे नसते, धडधड वाढते, हृदयरोग असलेल्याला तर धोकाच. ते हळूहळू कमी करत आणावे लागते.

याउलट, झटका आल्यावर घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांची बिले आपण एकही प्रश्न न विचारता मंजूर करता. एका बिलात नॅप्रॉक्सेन आणि रिझाट्रिप्टानच्या स्ट्रिपा आहेत. तिथे ना संख्येची हरकत, ना तारखेची. खरे तर हात आखडायचा असेल तर इथे आखडावा. ट्रिप्टान (रिझाट्रिप्टानसारख्या गोळ्या) महिन्यात 10 किंवा अधिक दिवस, साधी वेदनाशामके 15 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त चालले की गोळ्यांनीच डोकेदुखी वाढते. मग दाखल व्हावे लागते, सलाइन, इंजेक्शने, कधी दोन दिवसांचा मुक्काम, आणि ते बिल कॅशलेसमधून जाते ते आपल्याच खिशातून.

एमआरआयचा मुद्दाही याच जातीचा. ‘निदानाचा पुरावा म्हणून मेंदूचा एमआरआय जोडा’ अशी टीपीएची मागणी आहे. अर्धशिशीचे निदान लक्षणांवरून होते. एमआरआय काढतात तो धोक्याची लक्षणे असतील तर दुसरे काही नाही ना हे पाहायला. अर्धशिशी त्यात दिसत नाही. पुरावा हवा असेल तर डोकेदुखीची डायरी आहे: तारीख, किती तास दुखले, उलटी, कोणती गोळी घेतली. ती दर दाव्यासोबत दिली होती. आपण मागितलेला एमआरआय काढला असता तर त्याचा खर्च ‘केवळ तपासणी’ म्हणून कलम 4 खाली नाकारला गेला असता, हेही उघड आहे.

शेवटचा दावा बोटुलिनम टॉक्सिनच्या (बोटॉक्सच्या) इंजेक्शनांचा. तो कलम 8 खाली, सौंदर्योपचार म्हणून फेटाळला. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोके दुखणे, त्यातले निदान 8 दिवस अर्धशिशीचे, आणि हे तीन महिन्यांहून अधिक काळ चालणे, याला दीर्घकालीन अर्धशिशी म्हणतात. तिच्यासाठी हे औषध अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 मध्ये मंजूर केले. पद्धत ठरलेली आहे: 31 जागी 5-5 युनिट, एकूण 155, दर 12 आठवड्यांनी. यातल्या सात जागा कपाळ आणि भुवयांच्या आहेत. बाकीच्या 24 कानशिलांवर, डोक्याच्या मागे, मानेत आणि खांद्यांवर. डोक्यामागच्या केसांत सुरकुत्या घालवायला कुणी जात नाही. डॉक्टरांनी जागांचा नकाशा काढून दिला आहे, तो दाव्यात होता.

हरकत घेतल्यावर आलेल्या दुसऱ्या पत्रात सौंदर्याचा विषय गायब झाला आणि ‘वापरले 155, बिल 200 चे’ असा आक्षेप आला. औषध 100 युनिटच्या बाटलीत येते, म्हणून दोन बाटल्या फोडाव्या लागतात. एकदा सलाइनमध्ये मिसळले की ते फ्रीजमध्ये ठेवून 24 तासांच्या आत वापरायचे असते, आणि एका रोग्याची बाटली दुसऱ्याला वापरत नाहीत. उरलेली 45 युनिट टाकूनच द्यावी लागतात. त्याच पत्रात ‘डे-केअरमध्ये (एका दिवसाच्या आत होणाऱ्या रुग्णालयीन उपचारांत) बसत नाही’ असेही म्हटले आहे. दावा डे-केअरखाली केलेलाच नाही. रायडरमधल्या बाह्यरुग्ण प्रक्रियांच्या मर्यादेत केला आहे.

पुढचा प्रश्न आत्ताच विचारून ठेवतो. बोटुलिनमनेही पुरेसा फरक पडला नाही तर सीजीआरपी (अर्धशिशीच्या झटक्यात भाग घेणारे शरीरातले रसायन) रोखणाऱ्या प्रतिपिंडाचे इंजेक्शन सुरू करण्याचा डॉक्टरांचा विचार आहे. आपल्या पॉलिसीच्या आधुनिक उपचारांच्या यादीत ‘इंजेक्शनद्वारे दिले जाणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड’ आहे. त्याखाली हे मंजूर होईल का, कोणत्या उपमर्यादेत आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे लेखी कळवावे. हे औषध महागडे आहे. घेतल्यानंतर कलम शोधत बसण्यात अर्थ नाही.

तरी, माहिती दडवल्याचा शेरा नोंदीतून काढून तसे पत्र द्यावे. टोपिरामेटच्या कापलेल्या 40 गोळ्यांची आणि बोटुलिनमच्या दोन्ही बाटल्यांची रक्कम, टोचण्याच्या शुल्कासह, रायडरच्या मर्यादेत अदा करावी. दीर्घकालीन औषधांची चिठ्ठी 90 दिवस ग्राह्य धरावी आणि जनऔषधी केंद्राचे बिल ‘नेटवर्कबाहेरचे मेडिकल’ म्हणून परत पाठवू नये. तिथे तीच गोळी स्वस्त मिळते, यात तोटा कुणाचाच नाही. काही नामंजूरच करायचे असेल तर विमा नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे दावा पुनर्विलोकन समितीचा निर्णय आणि पॉलिसीचे नेमके कलम कळवावे. टीपीएचा ‘अनुज्ञेय नाही’ हा एका ओळीचा शिक्का चालणार नाही.

हे पत्र विमा नियामकाच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंदवले आहे. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपाल, पुणे यांच्याकडे तक्रार दाखल केली जाईल.

सोबत: केसपेपर, चिठ्ठ्या, बिले, डोकेदुखीची डायरी, इंजेक्शनच्या जागांचा नकाशा, दोन्ही बाटल्यांची बॅच लेबले आणि टीपीएची पत्रे यांच्या प्रती.

आपला,
विमाधारक