मॅनिफोल्डची चुकीची जागा आणि ग्राहक सेवा विभागाची उत्तरे : तक्रार

प्रति,
व्यवस्थापक

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा विभागाशी पाचव्यांदा बोलून आत्ताच फोन ठेवला आहे, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालत नाही. आपल्या आराखडा विभागाने आमच्या घराच्या पेक्स (लवचिक प्लास्टिकच्या) पाइपचा जो नकाशा काढून दिला, त्यात मॅनिफोल्ड, म्हणजे जेथून प्रत्येक नळाला वेगळा पाइप फुटतो तो भाग, हीटरपासून ९ मीटर दूर, मुख्य लाइन घरात शिरते तेथे दाखवला आहे. प्लंबरने तो तसाच बसवला. आता गरम पाणी पाऊण इंची पाइपातून ९ मीटर जाते आणि तेथून अर्धा इंची पाइपातून ६ मीटर उलटे फिरून स्वयंपाकघरात येते, जे हीटरपासून सरळ मोजल्यास ५ मीटरवर आहे. या वाटेत जवळजवळ पावणेतीन लिटर पाणी गार होऊन बसते. मी बादलीत धरून मापाने मोजले, तर हाताला ऊब लागेपर्यंत साडेतीन लिटर पाणी गेले. मॅनिफोल्ड हीटरजवळ ठेवून सिंकला तीन-अष्टमांश इंची स्वतंत्र पाइप दिला असता, तर त्यात अर्धा लिटरही पाणी साचले नसते. हे गणित आपल्याला माझ्याकडून शिकण्याची गरज नसावी.

हेच मी आज फोनवर सांगत होते. आपल्या प्रतिनिधीने आधी सुचवले की नळ सोडून ठेवावा आणि तोवर दुसरे काम करावे. मी साडेतीन लिटरचा हिशेब पुन्हा सांगितला. त्यावर, "मॅडम, पाइप लवचिक आहे, तो कुठूनही नेला तरी चालतो," असे उत्तर आले. पाइप वळतो म्हणून त्यातले पाणी अंतर विसरत नाही, असे मी म्हणाले. क्षणभर शांतता झाली आणि मग अतिशय समजूतदार आवाजात विचारणा झाली, "घरात साहेब आहेत का? त्यांना फोन द्या, त्यांना समजेल." या घराची मापे मी घेतली, नकाशासाठीचा अर्ज मी भरला, पैसेही मीच भरले. साहेब त्या वेळी माझ्या सांगण्यावरून बादली रिकामी करत होते.

लवचिकपणाचा विषय निघालाच आहे, तर त्याच नकाशात ११ एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, का आहेत, तेही कळावे. पाइपाच्या बाहेरील व्यासाच्या सुमारे सहा ते आठपट त्रिज्येचे वळण जेथे सहज बसते, तेथेही आपण जोड दाखवला आहे. पाइपाच्या आत शिरणारा प्रत्येक जोड वाट अरुंद करतो आणि गळतीला एक जागा वाढवतो. शिवाय ९ मीटरची गरम लाइन दोन्ही टोकांना ताणून बांधायला सांगितली आहे. पेक्स दर मीटरला दर १० अंश सेल्सियसमागे सुमारे दीड मिलिमीटर लांबतो. पाणी ४० अंशांनी तापले की ही लाइन पाच सेंटिमीटरहून अधिक वाढणार. ती वाढ कुठे मावायची, याबद्दल नकाशा मौन बाळगून आहे. "कमी जोड, झटपट गरम पाणी" हे वाक्य आपल्याच माहितीपत्रकावर छापलेले आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून मी तांब्याचा पाइप नाकारला, याचे आज वाईट वाटते.

भिंतींना अजून गिलावा झालेला नाही. मॅनिफोल्ड हीटरजवळ दाखवणारा, अनावश्यक एल्बो वगळणारा आणि पाइपाला सैल वळण देणारा सुधारित नकाशा ८ दिवसांत मिळावा, आणि चुकीच्या जागेमुळे वाया गेलेले जोड व मजुरी आपण भरून द्यावी. तसे न झाल्यास नकाशा, बादलीची मापे आणि पाचही फोनची नोंद घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. साडेतीन लिटर, दर वेळी, हे आपण विसरू नये म्हणून पुन्हा लिहीत आहे.

नवा नकाशा कृपया माझ्याच नावे पाठवावा. साहेबांच्या नावे आलेला मी स्वीकारणार नाही.

तक्रारदार ग्राहक