पहिलं नाव तुझं घेतलं

घणसोली,
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

गणपतीत तू विचारलंस, "एवढा वाळलास का रे?" मी कामाचं निमित्त पुढे केलं. खोटं बोललो. खरं काय ते आज लिहितो. फोनवर जमणार नाही, पलीकडच्या खोलीत आई असते.

गेल्या नोव्हेंबरात ट्रेनिंगला पुण्यात होतो. तिथे एकीशी ओळख झाली. जे झालं ते दोघांच्या मर्जीनं झालं, पण कंडोम वापरला नाही. तिला मी बोल लावत नाही, काळजी मलाही घेता आली असती. जानेवारीत ताप आला आणि मनात पाल चुकचुकली. तेव्हापासून रोज आंघोळीला गेलो की आधी मानेच्या गाठी चाचपायच्या, मग मोबाईलचा टॉर्च लावून आरशात जीभ बघायची. एकदा आईनं बाहेरून विचारलं, "दात दुखतोय का रे?" मी हो म्हटलं. बिचारी लवंग घेऊन दाराशी उभी होती.

लक्षणांवरून एचआयव्हीचं काहीच ठरत नाही, रक्तच तपासावं लागतं, हे वाचून माहीत होतं. हेही वाचलं की ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलं तर २८ दिवसांच्या गोळ्या सुरू करता येतात आणि लागण टळू शकते. वाचलं तेव्हा दोन महिने उलटले होते. त्या रात्री झोप लागली नाही.

मार्चमध्ये धीर करून एका खासगी लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलानं चिठ्ठी बघितली आणि आत हाक मारली, "एचआयव्हीवाला आलाय." बाकावरच्या सगळ्यांनी वर बघितलं. मी तसाच जिना उतरलो. २०१७ च्या कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! त्या एका हाकेनं माझे सहा महिने खाल्ले, संज्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी एका संध्याकाळी ठाण्याला तलावपाळीवर बसून १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, आधी समुपदेशन होतं, संमतीशिवाय रक्त घेत नाहीत, असं तिकडून शांतपणे सांगितलं. गेल्या मंगळवारी रजा टाकली आणि लोकलनं वाशीला गेलो.

छोटी खोली, टेबलाच्या काचेखाली जुनं कॅलेंडर. समोरच्या ताईंनी पुण्याचं सगळं ऐकून घेतलं, एकदाही भुवई वर केली नाही. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही, तुम्हाला तीन महिन्यांच्या वर झालेत, म्हणजे आजचा रिपोर्ट पक्का धरा, म्हणाल्या. पॉझिटिव्ह आला तरी गोळ्या मोफत आणि लगेच सुरू होतात. त्या नियमित घेतल्या आणि विषाणू तपासणीत न दिसण्याइतका दबून राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे मला कोणी जानेवारीत सांगायला हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पॉझिटिव्ह आला तर सगळ्यात आधी कोणाला सांगाल?"

मी तुझं नाव घेतलं. विचार करावाच लागला नाही. त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या, मी मात्र तिथेच अडकलो. ज्याचं नाव असं तोंडावर येतं, त्याच्यापासून दहा महिने तोंड लपवत होतो.

रक्त दिलं आणि बाहेर बाकावर बसलो. शेजारी एक बाई स्वेटर विणत होती. मी तिच्या सुयांकडेच बघत राहिलो, टाके मोजत. दीडशेच्या पुढे चुकलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग आत बोलावलं.

निगेटिव्ह. गुप्तरोगाची म्हणून केलेली दुसरी तपासणीही निगेटिव्ह. आनंद लगेच झालाच नाही, पायच उचलेनात. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी बसू शकेन तेवढा वेळ बसू दिलं.

आई स्थळं बघतेय. जिच्याशी जुळेल तिला हे सांगायचं आणि दोघांनी तपासणी करून घेऊ असं म्हणायचं, एवढं मी ठरवलंय. कसं सांगायचं ते मात्र सुचत नाही. तुझ्याशी बोलायचंय ते त्यासाठीच.

पत्र वाचून लगेच फोन करू नकोस. शनिवारी ये. सागर विहारला खाडीकाठी जाऊन बसू, काय विचारायचं ते तिथे विचार.

तुझा,
अव्या