उत्तराची घाई

प्रिय संजा,

पत्र मिळालं. ‘कशालाच अर्थ नाही, आणि तो शोधायचाही कंटाळा आलाय’ या वाक्याशी अडलो. तुला धीर द्यायला हे लिहीत नाही. धीर देणाऱ्यांची तुझ्याकडे रीघ आहे आणि तू त्यांनाच विटलायस.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. पिंडाचा भात उन्हात वाळून कडक झालेला, आणि कुणीतरी ‘धाकट्याची काहीतरी इच्छा राहिली’ म्हणून एकेक वस्तू कबूल करत होतं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात तुझे काका म्हणाले, “जे होतं ते चांगल्यासाठीच.” आणि तू मान डोलावलीस! काकांपेक्षा तुझाच राग आला मला.

कॉलेजात आपण त्या जर्मन तत्त्वज्ञाचं, नीत्शेचं, नाव नुसतं मिरवायचो. वाचतोय आत्ता. डोकेदुखी आणि डोळ्यांपायी हा माणूस १८७९ साली बाझलची प्राध्यापकी सोडून बसला होता, त्यामुळे दुःखावर तो ऐकीव बोलत नाही. १८८७ च्या ‘जिनिऑलॉजी ऑफ मॉरल्स’च्या शेवटी तो म्हणतो की माणसाला दुःख सोसतं; ‘हे का?’ याला उत्तर नसणं सोसत नाही. मग कुठलंही उत्तर चालतं. युगानुयुगं चाललेलं उत्तर म्हणजे ‘तूच दोषी आहेस’. त्यानं दुःख कमी झालं नाही, वर अपराधाचं ओझं चढलं. पण निदान कारण तरी मिळालं.

आता तुझं पत्र बघ. पहिल्या पानावर कशाला अर्थ नाही. दुसऱ्या पानावर, ‘त्या रात्री मी त्याला गाडी द्यायला नको होती.’ अरे, कशालाच अर्थ नसेल तर गाडी दिली काय, न दिली काय! तू शून्यवादी वगैरे नाहीस, संजा. तुला अपराधी व्हायचंय, कारण ते सोपं आहे. काकांनी देवावर ढकललं, तू स्वतःवर ओढून घेतलंस. घाई दोघांची सारखीच. याच पुस्तकाची सुरुवात ‘आपण जाणते म्हणवणारे स्वतःलाच अनोळखी’ अशी आहे. तू स्वतःला ओळखायला निघालायस आणि पहिलं भेटलं ते आरोपपत्र उचलून घेतलंस.

काकांना तुकोबांचा आधार हवा असेल तर तोही आहे म्हणा. ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली.’ कीर्तनात हे ऐकून माना डोलतात. पण १६३० च्या आसपासच्या त्या दुष्काळाबद्दल तेच तुकोबा दुसरीकडे सांगतात, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. आणि लगेच पुढे, ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें’. गाथेत दोन्ही आहेत. ‘बरें जालें’नं ती भुकेली बायको खोडली गेलेली नाही. शिवाय ते ‘बरें’ ज्याचं दिवाळं निघालं त्यानंच म्हटलंय. देहूतल्या शेजाऱ्यानं म्हटलं असतं तर तो निव्वळ निर्लज्जपणा झाला असता. जिमच्या भिंतीवर रंगवतात ते ‘जे मारत नाही ते बळ देतं’ मूळचं नीत्शेचंच. तेही त्यानं स्वतःपुरतं लिहिलं, १८८८ साली. पुढच्या जानेवारीत तूरिनला तो कोसळला आणि १९०० साली मरेपर्यंत सावरला नाही. म्हणून त्याचं म्हणणं फोल ठरतं असं मला वाटत नाही, पण ते दुसऱ्याला सल्ला म्हणून देण्याजोगंही नाही.

तर तुला कधी ‘बरं झालं’ म्हणावंसं वाटेल का, मला ठाऊक नाही. नाही वाटलं तरी काही बिघडत नाही. तूर्त काकांपुढे मान डोलावू नकोस, आणि ते आरोपपत्रही बाजूला ठेव.

रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. त्याच्या बँकेची, विम्याची कागदपत्रं काढून ठेव. वहिनींना एकटीला ते अर्ज उरकायचे नाहीत. काकूंना सांग, जेवायला आहे.

तुझा,
अव्या