मोहाखालची आग टाळता येईल

माननीय संपादक महोदय,

मार्च-एप्रिलमध्ये विदर्भातील जंगलांत वणवे लागल्याच्या बातम्या येऊ लागल्या की मोहफुले वेचणाऱ्यांना दोष दिला जातो. काही ठिकाणी तो खराही असतो. परंतु ती आग का लावली जाते आणि ती कशी टाळता येईल, हे मोहाचे झाड नीट पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून हे पत्र.

फुलोऱ्याच्या आधी मोहाची जुनी पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस लवेच्या कळ्यांचे झुबके लोंबू लागतात. कळी उमलण्याआधीच तिच्या टोकातून दोऱ्यासारखा कुक्षीवृंत (फुलातील स्त्रीभागाचा दांडा) बाहेर डोकावतो. रात्री वटवाघळे झाडावर येतात, परागीभवनाला मदत करतात, आणि उत्तररात्रीपासून सकाळ चढेपर्यंत फुले टपटप गळत राहतात. खाली पडलेले ‘फूल’ उचलून पाहावे: ती पाकळ्यांची जाड, रसाळ, फिकट पिवळी वाटी असते आणि पुंकेसर तिच्या आतच चिकटलेले असतात. फळ धरणारा भाग मात्र देठासह वर फांदीवरच राहिलेला असतो. म्हणजे गळालेली फुले कितीही वेचली तरी त्या वर्षीचे फळ कमी होत नाही. वनोपज गोळा करण्याचा इतका निरुपद्रवी प्रकार क्वचितच सापडेल, असे माझे मत आहे.

अडचण आहे ती जमिनीवरच्या पाचोळ्याची. वाळक्या पानांत फिकट फूल दिसत नाही, हात घालावा तर विंचू-सापाची भीती असते, आणि वेचणी बहुधा पहाटेच्या अंधुक उजेडात सुरू होते. पाचोळा जाळला की काळ्या जमिनीवर फूल लगेच नजरेत भरते. वेचणाऱ्या बायकांच्या दृष्टीने हे कारण अगदी सरळ आहे. मात्र तीच आग वाऱ्याने पसरून जंगलात शिरते. शिवाय तिचे एक नुकसान बातम्यांत कधीच येत नाही. मोहाचे बी फार काळ टिकत नाही. पावसाळ्यात फळातून पडले की लवकर रुजते आणि झाडाखाली रोपे उभी राहतात. ती पुढच्या उन्हाळ्यात जळतात. शेताच्या बांधावर आणि जंगलाच्या कडेला मोठमोठे मोह दिसतात, पण त्यांच्याखाली हाताच्या उंचीचे रोप शोधूनही मिळत नाही, ते बऱ्याच अंशी यामुळे. तेलासाठी बहुतेक बिया वेचल्या जातात, हेही त्याला कारण आहे.

उपाय महाग नाहीत. हंगामापूर्वी झाडाच्या घेराएवढी जागा झाडून पाचोळा एका बाजूला ओढता येतो. काही गावांत झाडाखाली खांबांना जाळी किंवा जुनी लुगडी बांधतात. त्यावर पडलेल्या फुलांना माती लागत नाही, त्यामुळे वाळवलेला मालही स्वच्छ निघतो आणि वाकून वेचण्याचे कष्टही वाचतात. वनहक्क कायदा, २००६ नुसार मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क आहे. तेव्हा सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांनी जाळ्यांचा खर्च आपल्या व्यवस्थापन आराखड्यात धरावा, आणि प्रत्येक टोल्यात (वस्तीत) काही झाडांखालच्या बिया न वेचता रुजू द्याव्यात. वनविभागाने नोटिसा लावण्याऐवजी जाळ्या वाटल्या, तर त्याचा उपयोग अधिक होईल.

शहरातील निसर्गप्रेमींना एक विनंती आहे. मोह पाहायला जरूर जा, पण पहाटे जा आणि वेचणाऱ्यांना विचारून जा, कारण रानातले झाडही बहुधा कोणा ना कोणा कुटुंबाच्या वहिवाटीतले असते. ताजे फूल केसर काढून चाखून पाहावे. त्याची गोडी आणि उग्र वास दोन्ही लक्षात राहतात, आणि भाकरीत किंवा लाडवात ते का घालतात हेही समजते.

आपल्या दैनिकाने ही माहिती वणवे लागल्यानंतर न देता फेब्रुवारीतच, पाने गळू लागताना द्यावी, अशी विनंती करतो.

आपला,
एक वाचक, जि. गडचिरोली