एका प्रश्नाबद्दल ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा पुंजका) आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडपासून केलेला फेरस क्लोराइडचा हिरवा द्राव गाळल्यावर पिवळा पडतो आणि मग तपकिरी साका धरतो. हे कसं थांबवायचं, असं तुमच्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी एक तर "ॲसिड कमी पडलं, अजून ओता" म्हटलं, नाही तर "घरी कशाला करता, विकत आणा." ॲसिड ओतल्याने साका विरघळतो खरा, पण फेरिक (हवेमुळे फेरसपासून होणारं लोखंडाचं पिवळं-तपकिरी रूप) तसंच राहतं आणि वर मोकळं ॲसिड उरतं. विकत आणा म्हणणाऱ्यांनी तर प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

तुम्ही उत्तर देण्याआधी विचारलंत, "बुडबुडे थांबले तेव्हा तळाशी लोखंड शिल्लक होतं का?"

सगळी मेख तिथेच होती. लोखंड उरलेलं असेल तर हवेमुळे तयार होणारं फेरिक त्याच्याशी भिडून पुन्हा फेरस होतं. लोखंड संपलं की ही राखण संपते. म्हणून 10 टक्के ॲसिड 125 मिली घेतलं तर त्यात 10 ग्रॅम लोखंड विरघळेल, पण स्टील वूल 12 ग्रॅम घ्या, हे तुम्ही गणित मांडून दाखवलंत. गाळलेल्या द्रावात ॲसिडचे दोन-चार थेंब आणि एक स्वच्छ खिळा ठेवायचा, पण झाकण सैल, कारण हायड्रोजन थोडा थोडा निघतच राहतो. मूळ 10 ग्रॅममधूनच तो सुमारे 4.4 लिटर निघतो. त्यामुळे काम उघड्यावर, ज्योत-ठिणगीपासून लांब. स्टील वूलवरचं तेल साबणाने धुऊन काढा आणि स्टेनलेसची घासणी अजिबात वापरू नका, तिच्यातलं क्रोमियम द्रावात उतरतं, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. तळाला राहणारा काळा चोथा म्हणजे पोलादातला कार्बन, त्याची काळजी नको, हा दिलासा तर फार मोलाचा होता.

तरीही मनात राहिला तो तुमचा प्रश्नच. इतकं जाणणाऱ्या माणसाने आधी समोरच्याच्या भांड्यात काय आहे ते विचारावं, उत्तराची वाट पाहावी आणि मगच बोलावं, यात जो आदर आहे तो फार कमी लोक देतात. शिकणाऱ्याला तेवढ्यानेच बळ येतं.

आता या फेरसपासून मुद्दाम फेरिक क्लोराइड करायची पाळी. तुम्ही बजावल्याप्रमाणे हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याआधी लोखंडाचा कण न् कण गाळून काढू, पहिल्या ॲसिडच्या निम्मं ॲसिड आणखी घालू आणि द्राव आचेवर कोरडा करणार नाही. तसं केलं तर ॲसिडची वाफ उडून तांबूस ऑक्साइडच हाती लागतं. बाटलीत द्रावच ठेवू.

आपले ऋणी,
घरच्या प्रयोगशाळेतले विद्यार्थी