ऑपरेशनचं अजून ठरलेलं नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

वजन उतरवायच्या ऑपरेशनची तारीख घेतलेली नाही आणि पैसेही भरलेले नाहीत. हे आधीच सांगते, म्हणजे आई पुढचं धीराने वाचेल. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता आणि मग मी चिडते, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमचं म्हणणं, मनावर घेतलं की होतं. मी मनावर घेतलं होतं तेही तुम्ही पाहिलंय. दोन वेळाच जेवण, भात बंद, पहाटे चालणं. चौदा किलो उतरले तेव्हा तुम्हीच आत्याला कौतुकाने फोन केला होतात. ते सगळे परत आले, वर आणखी चार घेऊन. डॉक्टरीणबाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि बसल्याजागी जाळायचं ते कमी करतं, आणि हे बरीच वर्षं चालतं म्हणे. आज माझी उंची १५६ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा) ३८.६. तीन गोळ्या घेऊनही तीन महिन्यांची सरासरी शुगर ९.२. आजीचा पाय आणि काकांचं डायलिसिस बघितलेल्या घरात या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको.

आई, तुझ्या डोक्यात २०१७ सालची ती इजिप्तची बाई आहे, मालवाहू विमानाने मुंबईत आणलेली. टीव्हीवर रोज दाखवायचे. ती पुढे अबूधाबीला गेली आणि त्याच वर्षी वारली. पण ती पाचशे किलोच्या घरातली आणि कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. मी रोज भांडुपहून लोकलने उभी जाते. चांगल्या ठिकाणी या ऑपरेशनात जीव जाण्याचा धोका हजारात एक-दोन, म्हणजे जवळपास पित्ताशयाच्या ऑपरेशनाइतका. शिवणीतून गळती, रक्तस्राव, गुठळी हे धोके वेगळे. ते मी खोडून काढत नाही.

प्रकार मुख्यतः दोन. स्लीव्हमध्ये पोटाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. भुकेचा एक हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतो, म्हणून भूकच मंदावते. बायपासमध्ये पोटाच्या वरच्या भागाची छोटीशी पिशवी करून आतडं तिला जोडतात. त्यात शुगर कधीकधी वजन उतरायच्या आधीच खाली येते. मला हे लोक बायपास सुचवतायत, कारण माझी छातीतली जळजळ. स्लीव्हने ती वाढू शकते. आधी एंडोस्कोपी होईल, मग बोलू. शुगर कायमची जाईल असं मात्र त्यांनी सांगितलेलं नाही. काहींची काही वर्षांनी परत येते.

इंजेक्शनांचं दादाने विचारलं होतं. २०२५पासून ती मौन्जारो वगैरे इथे मिळतात, आठवड्याला एक. वजन खरंच उतरतं. पण बंद केली की बहुतेकांचं परत चढतं, म्हणजे दरमहा खर्च, किती वर्षं ते माहीत नाही. हा रस्ता मी बंद केलेला नाही. ऑपरेशनाला घाबरले तर हाच धरीन.

पैशाचं थोडक्यात. अंदाज चार लाखांचा आहे. विम्याचा नियम असा की बीएमआय ४० हवा, किंवा ३५च्या वर असून औषधांनी न आवरणारी शुगर, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास हवा, आणि साधे उपाय करून झालेले हवेत. मी त्यात बसते. गंमत म्हणजे ही ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनी २०२२मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५पासूनच विचार करावा असं म्हटलंय, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर गाठते. विम्याला ते मान्य नाही.

खरं अडतंय ते ऑपरेशननंतरच्या तीस-चाळीस वर्षांवर. भूल देऊन दोन तासांत ते करतील; पुढचं मला करायचंय. सुरुवातीला नुसतं पातळ, मग मऊ, मग वाटीभर जेवण, आणि तेही हळूहळू चावून. रोज साठ ग्रॅम तरी प्रोटीन. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या जन्मभर, दरवर्षी रक्त तपासणी. बायपास झालेल्याने गोड जास्त खाल्लं की घाम, धडधड, जुलाब; तेव्हा गणपतीत मी एक मोदक घेतला आणि पुढे सरकवला, तर आई, तू चेहरा पाडायचा नाहीस. गुडघ्यासाठी घेते ती ब्रुफेनही बंद, पोटात व्रण होतात. काही महिने केस गळतील. बांगडा आणि अंडी चालतात ही आपली जमेची बाजू.

माझ्या विसरभोळेपणाची मला धास्ती आहे. थायरॉइडची गोळी मी आठवड्यातून दोनदा विसरते, आणि या गोळ्या विसरून चालणार नाही. शिवाय हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं, रात्री सगळे झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून काय खाता? मी गप्प. पोट लहान केलं तरी फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हात तोच राहणार. म्हणून ऑपरेशन करो वा न करो, त्यांच्याकडे जायला लागलेय. दोन-तीन महिने गोळ्या आणि जेवण ऑपरेशन झाल्यासारखं पाळून बघायचं आणि मग ठरवायचं, असं मी योजलंय. माझा कल हो म्हणण्याकडे आहे, लपवत नाही.

सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, हा आळशांचा शॉर्टकट. त्यांना काय सांगणार! तुम्ही मात्र तसं म्हणू नका.

पुढच्या महिन्यात परळला डॉक्टरांशी सविस्तर बोलायचंय. बाबा, तुम्ही दोघं या. तुमचे प्रश्न वहीत लिहून आणा आणि त्यांनाच विचारा. माझ्यावरच्या रागाचे प्रश्नही चालतील. तुतारी एक्स्प्रेसने आलात तर सकाळी दादरला घ्यायला येते. आणि आई, गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर तुझ्या पायात गुठळी झाली होती ना? घरात कुणाला तसं झालंय का हे त्यांनी मुद्दाम विचारलंय, त्यावर माझं रक्त पातळ ठेवायचं औषध ठरेल. ती फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लाइट बिलांच्या खाली आहे. विसरू नका.

तुमची,
मनू