वाचन प्रेरणा दिन एकच का? वर्षभराचं चॅलेंज घेऊ या ना!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मध्यंतरी एका वाचकाचं पत्र आलं होतं, की मोबाईलमुळे मराठी माणसाचं वाचन संपलं. मला ते अजिबात पटलं नाही म्हणून लिहितेय. माणसं वाचतात हो, पण तेच तेच वाचतात, खरी अडचण ती आहे. आमच्या गावातल्या वाचनालयात संध्याकाळी देवघेवीच्या टेबलापाशी अर्धा तास उभं राहून बघा. ठरलेल्या पाचसात कादंबऱ्यांची नावं फिरून फिरून कानावर येतात, ज्याला ऐतिहासिक आवडतं तो ऐतिहासिकच नेणार, ज्याला रहस्यकथा लागतात तो रहस्यकथा, आणि यशाचे मंत्र सांगणारी पुस्तकं तर परत यायच्या आधीच पुढच्याने सांगून ठेवलेली असतात. मागच्या रॅकवरची हजारो पुस्तकं मात्र कुणी हात लावत नाही म्हणून तशीच. शेवटच्या पानावर तारखांची जी चिठ्ठी चिकटवलेली असते ना, ती काही पुस्तकांमध्ये कोरीच्या कोरी आहे, म्हणजे वाचनालयात दाखल झाल्यापासून ते पुस्तक कुणाच्या घरी गेलेलंच नाही!

तर यावर उपाय म्हणून यंदा आम्ही काहीजणींनी, दोन रिटायर्ड सरांनी आणि कॉलेजच्या चारपाच पोरापोरींनी मिळून वर्षभराचं वाचन चॅलेंज घेतलंय. कल्पना माझ्या भाचीची, ती बंगळुरूला असते आणि इंग्रजीतलं असं चॅलेंज दरवर्षी करते. तिकडे हे प्रकार बरेच आहेत, 'गुडरीड्स' या पुस्तकांच्या वेबसाइटवर वर्षाच्या सुरुवातीला आकडा टाकायचा की मी इतकी पुस्तकं वाचणार, आणि 'बुक रायट' या पुस्तकांबद्दलच्या अमेरिकन वेबसाइटवाल्यांचं 2015 पासून 24 प्रकारांचं चॅलेंज असतं, अमुक प्रकारचं एक, तमुक प्रकारचं एक असं. मला आकड्याच्या चॅलेंजमध्ये काही रस नाही. आकडा ठेवला की माणूस बारीक पुस्तकं शोधायला लागतो. पण प्रकार ठरवून दिले की ज्या रॅककडे आपण कधी वळलोच नसतो तिथे जावं लागतं, आणि माझ्या मते या सगळ्याची किंमत तिथेच आहे.

पण त्यांची यादी जशीच्या तशी आपल्याला चालत नाही. त्यात दिवाळी अंक कुठून असणार, आणि 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे निम्मं चांगलं लेखन आधी तिथे येतं. नाटक वाचायची सवय, संतांचे अभंग, दलित आत्मकथनं, बोलीतलं लेखन हे सगळं आपलं आहे, ते आपल्याच यादीत असायला हवं. म्हणून आमच्या ग्रंथपाल मॅडमना मध्ये बसवून आम्ही आमचे बारा प्रकार ठरवले, महिन्याला एक. शंभर वर्षांपूर्वी छापलेलं पुस्तक, आपल्या जिल्ह्यात राहिलेल्या माणसाचं पुस्तक, नाटक, बोलीतलं काही, दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेलं, शास्त्रज्ञाने लिहिलेलं, चिठ्ठी कोरी असलेलं कुठलंही, असे.

जुन्या पुस्तकाच्या महिन्यात मी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घेतलं. नाव शाळेपासून ऐकून होते, वाचलं नव्हतं. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरावर कर्ज, म्हणून यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत निघाले आणि नेमके 1857 च्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरातच होते. त्यांचं पुस्तक ते गेल्यानंतर 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापलं. त्यातला एक प्रसंग मला सोडत नाही. झाशी पडल्यावर काल्पीकडे जाताना एका विहिरीपाशी भटजींना राणी दिसते, तहानलेली, धुळीने माखलेली. भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, माझं मी काढून घेते. इतिहासाच्या पुस्तकात घोड्यावरची राणी आपण सगळ्यांनी पाहिलेली असते, पण विहिरीवर स्वतः पाणी ओढणारी राणी मला एका कर्जबाजारी भिक्षुकाने दाखवली, आणि शंभर वर्षांपूर्वीचं हा प्रकार यादीत नसता तर मी जन्मात ते पुस्तक उघडलं नसतं.

जिल्ह्याच्या महिन्याबद्दल तर मला जास्तच लिहायचंय. आमचा जिल्हा सातारा. आपल्या जिल्ह्यातलं कोण म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडी ठरलेली नावं आली, मग मॅडम आत गेल्या आणि खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक घेऊन आल्या, बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं'. फलटणच्या बेबीताई! मी फलटणला कितीदा गेलेय, लग्नकार्याला, बाजाराला, पण त्या गावात बसून एका बाईने असं पुस्तक लिहिलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं किराणा दुकान होतं, माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि स्वतः जे लिहायच्या ते घरच्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं होतं. 1986 मध्ये पुस्तक आलं. त्यात त्या 'मी'पेक्षा 'आम्ही' जास्त म्हणतात, वीरगावच्या महारवाड्यातली सगळी माणसं त्यात आहेत, त्यांची भूक, अंगात येणं, सासुरवाशिणींचे हाल, आणि बाबासाहेबांचं म्हणणं कानावर पडल्यावर बायाबापड्यांनी पोरांना शाळेत घालायचं ठरवलं ते. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू, वय सत्तरीच्या पुढे, त्यांनी पुस्तक परत करताना सांगितलं की आमच्या घराच्या मागच्या बाजूला ही वस्ती होती, मी रोज बघत होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या, आणि त्या दिवशी आमची चर्चा वाचनालय बंद व्हायची वेळ होऊन गेली तरी चालूच होती. मला सांगा, नुसतं 'वाचाल तर वाचाल' भिंतीवर लिहून हे झालं असतं का?

नाटकाच्या महिन्यात महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' होतं. नाटक एकट्याने मनात वाचायचं नाही, घरात मोठ्याने वाचायचं असं आम्ही ठरवलं होतं. आमच्याकडे सासूबाईंनी आईची वाक्यं घेतली, मी वहिनीची, आणि लेकीने प्रभाची, जिला शिकायचं होतं आणि शिकू दिलं नाही. वऱ्हाडी बोली आम्हाला सवयीची नाही, पहिली काही पानं अडखळत गेली, पण एकदा कान बसल्यावर काय गोडी आहे त्या भाषेला! अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, वाड्याचे पडत चाललेले भाग, दागिन्यांची पेटी, हे वाचताना सासूबाई मध्येच थांबून त्यांच्या माहेरच्या वाटण्या कशा झाल्या ते सांगायला लागल्या. इतकी वर्षं एका घरात राहून मी ते कधी ऐकलं नव्हतं. लेकीने त्यानंतर स्वतःहून पुढचे दोन भाग मागितले, तिच्या अभ्यासाच्या वर्षात, आणि मी आणून दिले.

बाकीचं थोडक्यात सांगते. शास्त्रज्ञाच्या महिन्यात अर्थातच जयंत नारळीकर. त्यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नाव बदलून, नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःच्याच आद्याक्षरांचा क्रम उलटा, आणि अक्षरही दुसऱ्याचं, म्हणजे परीक्षकांनी नावाकडे बघून बक्षीस द्यायला नको. पहिला नंबर आला! हे ऐकून ग्रुपमधल्या इंजिनिअरिंगच्या पोराने तीन पुस्तकं एकदम नेली. अनुवादाच्या महिन्यात उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं कन्नड लेखक भैरप्पांचं 'पर्व' घेतलं, जाडजूड आहे, दोघीतिघींना महिना पुरला नाही, काही हरकत नाही, त्यांनी पुढच्या महिन्यात संपवलं. उमाताईंना कन्नड लिपी वाचता येत नव्हती, त्यांचे यजमान विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड वाचून टेप करून ठेवायचे आणि ते ऐकून त्या मराठी करायच्या, एवढ्या मोठ्या पुस्तकामागे असा एक संसार आहे हे कळल्यावर ते हातात घेताना वेगळंच वाटतं. बोलीच्या महिन्यात बहिणाबाई, त्यांच्याबद्दल मी काय वेगळं सांगणार, फक्त एवढंच की पाठ्यपुस्तकातल्या दोन कवितांवर थांबू नका, सगळी गाणी वाचा, आणि मोठ्याने वाचा.

आता माझी मागणी. 15 ऑक्टोबरला कलाम साहेबांच्या जयंतीला 2015 पासून आपण वाचन प्रेरणा दिन करतो. दिवस चांगलाच आहे, पण शाळांमधून, ऑफिसांमधून तासभर पुस्तक हातात घेऊन फोटो निघतात आणि 16 तारखेला पुस्तक कपाटात. वाचन एका दिवसाने लागत नाही, त्याला वर्ष द्यावं लागतं. तुमच्यासारख्या पेपरने मनावर घेतलं तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पुरवणीत एक प्रकार जाहीर करता येईल, नुसती चौकट, चार ओळींची, खाली वाचकांनी सुचवलेली पुस्तकं. जिल्ह्याजिल्ह्यातल्या वाचनालयांनी त्या महिन्यात त्या प्रकारची पुस्तकं आतल्या रॅकवरून काढून दारासमोरच्या टेबलावर मांडावीत. याला पैसे लागत नाहीत, नवीन खरेदी लागत नाही, अनुदानाची वाट बघावी लागत नाही. उलट आमच्याकडे वर्षाच्या मध्यावर मॅडम म्हणाल्या की बंद पडत आलेले सभासद परत वर्गणी भरायला लागलेत.

फक्त दोन गोष्टी कृपा करून करू नका. याची स्पर्धा करू नका, नंबर, ट्रॉफी, प्रमाणपत्र काही नको, बक्षीस आलं की लोक न वाचताच वाचल्याचं सांगतात. आणि पुस्तक विकतच घ्या अशी अट नको, वाचनालयाचं, शेजारणीचं, ऐकायचं असेल तर ऑडिओ, सगळं चालायला हवं. पन्नास पानं वाचून नाही पटलं तर त्याच प्रकारातलं दुसरं घ्यायची मुभा हवी. जबरदस्तीने शेवटपर्यंत ओढलेलं पुस्तक माणसाला वाचनापासून लांब नेतं, शाळेत आपल्या सगळ्यांचं ते होऊन गेलंय.

पुढच्या वर्षासाठी आम्ही नवे बारा प्रकार ठरवतोय. सरांनी सुचवलंय 'हाताने काम करणाऱ्याने स्वतः लिहिलेलं', म्हणजे सुतार, गवंडी, ड्रायव्हर, नर्स, परिचितांनी त्यांच्याबद्दल लिहिलेलं नाही तर त्यांनी स्वतःच. मला त्यात समुद्रावर काम केलेल्या माणसाचं मराठी पुस्तक हवंय, बोटीवरचा खलाशी असो नाहीतर मासेमारीला जाणारा, आमच्या वाचनालयात शोधून मिळालं नाही. आपल्या कोकणातल्या, मुंबईतल्या आणि गोव्यातल्या वाचकांना असं एखादं पुस्तक माहीत असेल तर त्यांनी आपल्या पेपरकडे जरूर कळवावं, आणि आपण ते नाव छापावं ही विनंती. डिसेंबरच्या आत कळलं तर आम्हाला जानेवारीलाच घेता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपली एक नियमित वाचक,
सातारा